पावती मिळेपर्यंत

‘प्रीकंपाइल्ड’ हा शब्द कानावर पडला की लोक दचकतात. दचकू नये. ही वस्तू आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. तिचं घरगुती नाव भाजणी. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, ज्वारी, बाजरी, धने, जिरे हे सगळं भाजून गिरणीतून दळून आणलं की त्या पिठाची थालिपिठं सुरेख लागतात. पण त्यातला उडीद पुन्हा वेगळा काढून दाखवा म्हटलं तर साक्षात अन्नपूर्णेलाही जमायचं नाही. संगणकाच्या धंद्यात हेच चालतं. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस जे लिहितो ते धान्य. ते बऱ्यापैकी वाचता येतं, म्हणजे ज्याचं त्याला, आणि तेही पहिले सहा महिने. कंपायलर नावाच्या गिरणीतून ते दळून काढलं की पीठ तयार, आणि ते ज्या पिशवीत भरतात तिला डीएलएल म्हणतात. गिऱ्हाइकाला पिशवी मिळते, धान्य मिळत नाही. आमच्या एक मावशी अशाच आहेत. भाजणी मागा, डबाभर देतील. पण माझ्या बायकोनं प्रमाण विचारलं की “अगं, असंच आपलं अंदाजानं,” म्हणून पावसापाण्याचं बोलायला लागतात. मावशी सॉफ्टवेअरच्या धंद्यात असत्या तर आज त्यांचे तीन बंगले असते.

पिशवी बंद आहे म्हणून एरवी कुणाची तक्रार नसते. तक्रार सुरू होते ती पिशवी एका घरातून दुसऱ्या घरात नेताना. ह्याला आमच्यात ‘डिप्लॉयमेंट’ म्हणतात. मूळचा लष्करी शब्द. फौज तैनात करणे असा त्याचा अर्थ. शुक्रवारी संध्याकाळी हे काम हातात घेतलेल्या माणसाचा चेहरा पाहिला की शब्द योग्य खात्यातून उचलला आहे याबद्दल शंका राहत नाही.

माझ्या वाट्याला आलेली पिशवी ‘डॉटनेटन्यूक’ नावाच्या वाड्यात न्यायची होती. नाव अणुबॉम्बच्या भावकीतलं वाटतं, पण प्रकरण सालस आहे. २००२ च्या डिसेंबरात कॅनडातल्या शॉन वॉकर या गृहस्थांनी मायक्रोसॉफ्टच्या एका नमुना-प्रोग्रॅमवर मेहनत घेऊन ते सिद्ध केलं आणि लोकांना चक्क फुकट देऊन टाकलं. आज ते डीएनएन या आटोपशीर नावानं चालू आहे. संकेतस्थळ उभं करा, पानं घाला, मजकूर बदला, सगळं प्रोग्रॅम न लिहिता होतं. आणि जे त्यात नाही ते ‘मॉड्यूल’ म्हणून बाहेरून आणून बसवता येतं. मी वाडा म्हणतो तो उगीच नव्हे. प्रत्येक मॉड्यूलला ‘डेस्कटॉपमॉड्यूल्स’ नावाच्या चौकात स्वतःची एक खोली मिळते. खोलीत त्याचे पडदे, खिडक्या, म्हणजे लोकांना दिसणारा भाग. पण पिशवी मात्र खोलीत ठेवायची नाही. ती ठेवायची सगळ्या वाड्याच्या मिळून एकाच सामाईक माळ्यावर. त्या माळ्याचं नाव ‘बिन’. कचऱ्याची पेटी नव्हे हो. ‘बायनरी’ या शब्दाचं ते लाडकं रूप आहे.

आता या माळ्याचे दोन नियम सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी रडकथा त्यांच्यावरच उभी आहे. एक, या माळ्यावर एका नावाची एकच वस्तू मावते. वाड्यात दोन गोपाळराव सुखानं राहतात. एकाला खालचे गोपाळराव म्हणतात, दुसऱ्याला वरचे. माळ्यावर तशी सोय नाही. दुसरे गोपाळराव आले की पहिले नाहीसे होतात, आणि कुणी ओरडतसुद्धा नाही. दोन, माळ्यावर कुणी पिशवी ठेवली, किंवा ‘वेब-कॉन्फिग’ नावाच्या नियमावलीत एक स्वल्पविराम जरी हलवला, तरी सगळा वाडा क्षणभर मिटतो आणि पुन्हा उघडतो. त्या क्षणी जे लोक जिन्यात असतील त्यांची वाड्याकडे असलेली आठवण पुसली जाते. तीन पानं भरून चौथ्यावर आलेल्या माणसाला वाडा विचारतो, आपण कोण?

तर २००९ सालची गोष्ट. आमच्याच पेठेतल्या एका न्यासाचं काम होतं. गावोगावच्या मुलांना शिष्यवृत्ती देणारा जुना न्यास. अर्ज भरायची सोय वर्षभरापूर्वी संकेतस्थळावर केलेली. जिथे ते ठेवलं होतं ती जागा बंद होणार होती, म्हणून सगळं बिऱ्हाड नव्या सर्व्हरवर हलवायचं होतं. अर्ज सुरू सोमवारी सकाळी १० वाजता. जाहिरात वर्तमानपत्रात देऊन झालेली. आमच्याकडे काम आलं शुक्रवारी चार वाजता. न्यासाचे कार्यवाह म्हणजे अण्णा, निवृत्त मुख्याध्यापक. माझ्या थोरल्या भावाला त्यांनी भूमिती शिकवली असल्यामुळे आमच्या घरातल्या कुणालाही अरे-तुरे करण्याचा त्यांना तहहयात अधिकार आहे.

जुनं काम करणाऱ्या मंडळींनी डेटाबेस व्यवस्थित पाठवला होता. तो नव्या जागी लावला. म्हणजे वाड्याच्या वहीत ‘अर्ज’ नावाच्या भाडेकरूची नोंद होती, खोलीवर पाटी होती, फक्त पान उघडलं की ‘हे मॉड्यूल सध्या उपलब्ध नाही’ असं इंग्रजीत अदबीनं लिहून येत होतं. साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. खरं कारण डीएनएन परक्या माणसासमोर बोलत नाही. मुख्य चालकाच्या नावानं आत शिरलं की मग ते मन मोकळं करतं. आम्ही शिरलो. मन मोकळं झालं ते असं : ‘कुड नॉट लोड टाइप’.

हे वाक्य नवशिक्याला घाम फोडतं, पण खरं तर एवढं सरळ वाक्य यंत्राच्या तोंडून क्वचित निघतं. खोलीतल्या पडद्याच्या पहिल्याच ओळीत ‘इनहेरिट्स’ म्हणून एक नाव लिहिलेलं असतं : माझा चालक अमुक. वाडा त्या नावाचा माणूस माळ्यावरच्या पिशव्यांमध्ये शोधतो. मिळाला नाही तर हे बोलतो. म्हणजे एकतर नाव लिहिण्यात फरक, नाहीतर पिशवीच आलेली नाही. माळ्यावर पाहिलं. पिशवीच नव्हती.

फोन केला. तिकडचा मुलगा मोठा सालस होता. म्हणाला, “झिप पाठवत होतो, पण मेल घेईना. आत डीएलएल आहे म्हणून अडवत होतं. मग डीएलएल काढून टाकली आणि बाकीचं पाठवलं.” वरातीत नवरदेवाला गाडीत जागा नव्हती म्हणून बाकीची मंडळी आणली, असंच म्हणायचं ते. टपाल खात्याची बाजू मला समजते. चालणारी फाइल म्हणजे विषाणूची शक्यता, तेव्हा ती अडवलेलीच बरी. पण यावर आमच्या धंद्यात एक सर्वमान्य तोडगा आहे. फाइलचं आडनाव बदलायचं. ‘डॉट डीएलएल’ पुसून ‘डॉट टीएक्सटी’ लिहायचं, की ती साधा मजकूर म्हणून निघते. सगळ्याच पहारेकऱ्यांना हे वेषांतर चकवत नाही, पण त्या दिवशी चकवलं. फाइल निघाली आणि न्यासाच्या अधिकृत पत्त्यावर, म्हणजे अण्णांकडे पोचली.

अण्णा शिस्तीचे. आलेला कागद वाचल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. त्यांनी फाइल उघडली. टीएक्सटी असल्यामुळे ती नोटपॅडमध्ये उघडली. त्यांचा मला फोन आला, “अरे, मजकूर आलाय, पण नुसते चौकोन नि जिलब्या. फॉन्ट कुठला वापरलाय ते विचार, नि फॉन्ट पाठवायला सांग.”

हसू नका. त्या काळी मराठीत काम करणाऱ्या कुठल्याही माणसानं हेच म्हटलं असतं. समोरच्याकडे आपला फॉन्ट नसला की साध्या लग्नपत्रिकेची अशीच जिलबी होत असे, आणि दर दुसऱ्या पत्राबरोबर फॉन्टही पाठवावा लागे. अण्णांचं निदान अनुभवाला धरून होतं. फक्त रोगी दुसरा होता. मी म्हटलं, “अण्णा, फॉन्ट राहू दे. फाइल आहे तशी मला पाठवा.” त्यांनी ती रीतसर सेव्ह करून, बंद करून, पाठवली.

त्या ‘रीतसर सेव्ह’मध्ये गोम होती. डीएलएलच्या पोटात जागोजाग शून्यं असतात, म्हणजे आकडा नव्हे, निव्वळ काही नसल्याची खूण. नोटपॅडला काही नसणं ही कल्पना मानवत नाही. तो तिथे मोकळी जागा छापतो. वेदान्तात या दोहोंतला फरक सूक्ष्म असेल, संगणकात जीवघेणा आहे. माळ्यावर ठेवल्याबरोबर सर्व्हरनं ‘बॅड इमेज फॉरमॅट’ म्हणून पिशवी परत केली : हे जे काय आणलंत, ते पीठ नाही. शनिवारी सकाळी अण्णा स्वतः त्या मंडळींच्या ऑफिसात गेले, पेन-ड्राइव्ह घेऊन पीएमपीच्या बसनं आमच्याकडे आले आणि तो प्रसादासारखा दोन्ही हातांनी माझ्या हातावर ठेवला.

पिशवी माळ्यावर गेली. पान उघडलं. अर्ज दिसला! नाव, पत्ता, शाळा, उत्पन्नाचा दाखला, सगळं जिथल्या तिथे. आमच्या ऑफिसातल्या पोरांनी चहा मागवला. वास्तविक काम झालं होतं. जगातल्या निम्म्या डिप्लॉयमेंट याच ठिकाणी झाल्या म्हणून जाहीर होतात आणि मंडळी घरी जातात.

अण्णा म्हणाले, “मी एक अर्ज भरतो.”

“चाललाय ना अण्णा, दिसतोय की.”

“दिसतोय. पण पावती हातात पडल्याशिवाय अर्ज दिला असं मी मानत नाही. पोरं एस.टी.नं तालुक्याला येतात, कॅफेत तासाचे पैसे मोजून बसतात. शेवटच्या पानावर त्यांना काय दिसतं ते मला बघू दे.”

आणि अण्णांनी अर्ज भरला. एका बोटानं. एका काल्पनिक विद्यार्थ्याच्या नावानं, पण उत्पन्नाच्या रकान्यात खोटा आकडा टाकायला मन धजेना म्हणून स्वतःचं निवृत्तिवेतन लिहून. चार पानं भरायला त्यांना पस्तीस मिनिटं लागली. चहा निवला. शेवटी ‘पाठवा’ या बटणावर त्यांनी बोट ठेवलं, आणि पांढऱ्या पडद्यावर वाक्य उमटलं : अमुक फाइल किंवा तिच्या आधारांपैकी एक सापडत नाही.

‘किंवा तिच्या आधारांपैकी एक’! इंग्रजीत ‘ऑर वन ऑफ इट्स डिपेंडन्सीज’. या वाक्यानं जगभरात जेवढे संसार उद्ध्वस्त केले असतील तेवढे घोड्यांच्या शर्यतींनीसुद्धा केले नसतील. पोलिसानं दारात येऊन ‘तुम्ही किंवा तुमच्या नातेवाइकांपैकी कोणीतरी’ म्हणावं आणि निघून जावं, तसं. कुणाचा आधार, कितवा आधार, काही पत्ता लागू द्यायचा नाही. आणि अर्ज इतका वेळ बिनबोभाट चालला कसा? तर डॉटनेटची रीतच ती. आधाराची फाइल लागेल तेव्हाच शोधायची. पावती छापायची वेळ चौथ्या पानाच्या शेवटी येते, तोवर पावती छापणारा घरात आहे का हे विचारायला कुणी जात नाही.

इथून पुढचं काम मात्र गुप्तहेराचं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मला त्यात मजा येते. आमच्या मशीनवर सगळ्या वाड्याची हुबेहूब नक्कल उभी केली आणि ‘फ्यूजन लॉग’ नावाची डायरी सुरू केली. कुठल्या फाइलसाठी वाडा कुठेकुठे हिंडला हे ती लिहून ठेवते. माणूस हरवलेला चष्मा शोधतो तसंच ते वाचायला होतं : माळ्यावर पाहिलं, माळ्यावरच्या त्याच नावाच्या खोक्यात पाहिलं, मग डीएलएल नसेल तर ईएक्सई असेल म्हणून पुन्हा त्याच जागी पाहिलं. नाव होतं ‘आयटेक्स्टशार्प’. पीडीएफ कागद तयार करणारी एक प्रसिद्ध लायब्ररी. न्यासाची पावती ती छापत होती.

जुन्या सर्व्हरच्या माळ्यावरही ही फाइल नव्हती. यादी आमच्याकडे होती. मग तिथे चालत कसं होतं? मॉड्यूल लिहिणारा गृहस्थ केव्हाच ती नोकरी सोडून गेला होता, पण फोनवर सापडला. धान्याची चौकशी केली, तर ज्या डिस्कवर ते होतं ती डिस्क स्वर्गवासी झालेली. आयटेक्स्टशार्पचं नाव काढल्यावर म्हणाला, “ती द्यायला नको ना? ती सर्व्हरवर असतेच की!” उलगडा झाला. विंडोजमध्ये सगळ्या मशीनचा मिळून एक हौद असतो, ‘ग्लोबल असेंब्ली कॅश’ नावाचा. कुणीतरी कधीतरी त्या जुन्या मशीनच्या हौदात ही फाइल टाकून ठेवली होती. माळा बघायच्या आधी वाडा हौद बघतो. वर्षभर हे मॉड्यूल त्या हौदाचं पाणी पीत होतं आणि आपण कुणाच्या जिवावर आहोत हे त्याच्या कागदपत्रांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. नव्या जागी आम्ही इतर शेकडो बिऱ्हाडांबरोबर भाड्यानं राहत होतो. तिथल्या हौदाला हात लावायची परवानगी नव्हती.

मग फाइल आणून माळ्यावर टाका की, असं आपण म्हणाल. इथे पहिला नियम आठवा. माळ्यावर गोपाळराव आधीच होते! न्यासानं देणगीच्या पावत्यांसाठी अलीकडेच एक दुसरं मॉड्यूल विकत घेतलं होतं, आणि त्यानं स्वतःबरोबर आयटेक्स्टशार्प आणलं होतं. पण नव्या आवृत्तीचं. आमच्या मॉड्यूलला जुनं हवं. या फाइलींवर सहीशिक्का असतो आणि आवृत्ती आकड्यापर्यंत जुळावी लागते. ‘गोपाळराव आहेत, पण आम्हाला हवेत ते हे नव्हेत,’ म्हणून ते अडून बसलं होतं. नकलेत जुने गोपाळराव ठेवून पाहिले. अर्जाची पावती मिळाली आणि देणगीची बंद पडली. न्यासाला दोन्ही प्रिय. विद्यार्थी नसले तर न्यास कशाला, आणि देणगी नसली तर न्यास कसला!

त्या वेळी पिशवीत डोकावायला ‘रिफ्लेक्टर’ नावाचं एक हत्यार फुकट मिळत असे. २०११ मध्ये त्याला पैसे पडायला लागले आणि त्यावर उतारा म्हणून लगेच ‘आयएलस्पाय’ नावाचं फुकटचं निघालं. ते आजही आहे. ही हत्यारं म्हणजे आमची दुसरी मावशी. थालिपिठाचा तुकडा जिभेवर ठेवते आणि सांगते, यात मुगाची डाळ जास्त झालीय. पिशवीतलं पीठ चाखून ते बऱ्याच अंशी धान्य सांगतं. मात्र लिहिणाऱ्यानं मध्ये मध्ये स्वतःसाठी केलेली टिपणं, हे असं का केलं वगैरे, ती गिरणीतच झडून जातात. ती पुन्हा कुणालाच मिळत नाहीत. बाकी अवतरण-चिन्हांतला मजकूर शिल्लक राहतो. पावती छापताना घोटाळा झालाच तर काय बोलायचं, त्या जागी गृहस्थानं एक वाक्य लिहून ठेवलं होतं : ‘धिस शुड नेव्हर हॅपन’. हे कधीच घडता कामा नये! मला क्षणभर त्याचा फार लोभ वाटला.

पण डोकावल्याचा उपयोग झाला. आयटेक्स्टशार्पमधल्या ज्या मोजक्या गोष्टी हे मॉड्यूल वापरत होतं, त्या नव्या आवृत्तीतही तशाच होत्या. म्हणजे धान्य नसलं तरी चालणार होतं; फक्त समजूत घालायची होती. वेब-कॉन्फिगमध्ये चार ओळींचा एक ठराव लिहिता येतो, ‘बाइंडिंग रीडायरेक्ट’. जो कोणी जुन्या आवृत्तीच्या गोपाळरावांना विचारत येईल, त्याला नव्या गोपाळरावांकडे पाठवावे. त्यांना त्यांचीच माणसं समजावे. संपला ठराव. नकलेत दोन्ही पावत्या निघाल्या.

आता हे खऱ्या वाड्यात करायचं ते सोमवारी १० च्या आतच. कारण नंतर ठराव लिहायचा म्हणजे वाडा मिटणार, आणि तेवढ्यात चौथ्या पानावर असलेल्या मुलाचं तासाचं भाडं गेलं. रविवारी रात्री ११ वाजता ठराव लिहिला. वाडा मिटला, उघडला. अण्णांनी घरून पुन्हा पहिल्यापासून अर्ज भरला. मी इकडे बसून वाट पाहत होतो. या खेपेला बत्तीस मिनिटं. मग फोन वाजला.

“पावती आली,” अण्णा म्हणाले. “मात्र नाव इंग्रजीत.”

मी सांगितलं की त्या लायब्ररीला देवनागरीची वेलांटी कुणाच्या आधी लावायची ते कळत नाही. मराठीत छापली तर ‘विद्यार्थी’ शब्दाची हाडं मोडून येतील. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. “मग इंग्रजीच बरी,” म्हणाले, “मोडक्या मराठीत पावती देणं म्हणजे दाखल्यावर नापास लिहिण्यासारखं.”

सोमवारी १० वाजल्यापासून मी नोंदवही उघडून बसलो होतो. पहिला अर्ज सुरू झाला तो दहाला पाच मिनिटं असतानाच. कुणीतरी उत्साही. दुसरं पान. तिसरं. तिसऱ्यावर बराच वेळ काही हललं नाही. उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक शोधत असावा, किंवा कॅफेवाल्याला विचारत असावा. चौथं. मग वहीत एक ओळ उमटली : पावती क्रमांक १. काल्पनिक विद्यार्थ्याच्या दोन्ही पावत्या आम्ही रात्रीच पुसून क्रमांक पुन्हा एकपासून लावून ठेवला होता. आपल्या निवृत्तिवेतनासकट पहिला नंबर लागणं अण्णांना प्रशस्त वाटलं नव्हतं.

साडेअकराला त्यांचा फोन आला. तोवर चौतीस पावत्या गेल्या होत्या. ते सांगितलं. ते म्हणाले, “छान. आता एकच राहिलं. ती पहिली फाइल आली होती ना, चौकोन नि जिलब्यांची, ती मी त्या दिवशी छापून ठेवली होती. म्हटलं, फॉन्ट मिळाला की वाचू. छत्तीस पानं आहेत. दफ्तराला लावू का रद्दीत घालू?”

मी म्हटलं, “लावा दफ्तराला.”

“आवक क्रमांक टाकून?”

“टाकून.”